तिकडं थंडी लई हुती

तुळशीराम,

मंगळवारी तुझी मोटार पाथर्डीच्या अड्ड्यावर वेळेवर लागली. मी नेहमीसारखा पुढच्या दारापाशी गेलो, तर स्टिअरिंगवर दुसराच माणूस बसलेला. "आज तुळशीराम रजेवर का?" मी विचारलं. तो माझ्याकडं बघत राहिला. "तुमाला ठावं न्हाई? गेला की त्यो. धा दिस ताप हुता. शुक्रवारी सकाळी तिकडं नगरातच जीव सोडला." मागचे लोक चढायच्या घाईत होते, त्यांनी मला बाजूला सारलं. मोटार भरली आणि निघून गेली. नगरला माझं काम होतं, ते तसंच राहिलं. अड्ड्यावरच्या लिंबाखाली मी बसून राहिलो आणि मला रडू येईना. रडायलाही काही हक्क लागतो, असं काहीतरी मनात घोळत होतं.

तुझ्याबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून बसलो, तर पहिल्याच ओळीला अडलो. तू जन्मलास कधी, लहानपणी काय खेळायचास, तुला भावंडं किती, मला काही ठाऊक नाही. आणि आपण एका गावचे! ओढ्याच्या अलीकडं आमचं घर, पलीकडं तुमची वस्ती. त्या ओढ्याला पाणी असायचं पावसाळ्यातले दोन महिने, बाकी वर्षभर नुसती वाळू. ती ओलांडून एकवीस वर्षांत मी एकदाही तुमच्याकडं आलो नव्हतो. आपण पहिल्यांदा बोललो ते पलटणीत भरती होऊन लढाईवर निघालो तेव्हा, बोटीवर.

मुंबई सोडून दुसरा दिवस असेल. पोटातलं सगळं बाहेर पडून मी डेकवर आडवा झालो होतो. कुणीतरी मागून येऊन माझं कपाळ तळव्यानं दाबून धरलं. "श्वास तोंडानं घ्या पाटील. नदर लांब ठिवा, जवळ बघू नगा." जरा बरं वाटल्यावर मी विचारलं, कुठला तू? तू माझ्याच गावाचं नाव सांगितलंस.

"मी तुमाला वळखतो," तू म्हणालास. "तुमी मला वळखायचं काय कारन न्हवतं."

तू हे रागानं म्हणाला नव्हतास. ज्वारी कापणीला आली, इतक्या साध्या सुरात म्हणालास. मला मात्र लाज वाटली. मी म्हणालो, "मला पाटील म्हनू नगं. विसू म्हन." भर समुद्रात हे म्हणायला मला काही मोजावं लागलं नाही.

पुढं आपल्याला एकच तीन टनी लॉरी मिळाली. तू मोटार चालवायला आधीच शिकलेला, मी नुसता फायनल पास झालेला, पलटणीतल्या लोकांची पत्रं लिहून देणारा. मला गाडी तू शिकवलीस. क्लच एकदम सोडला की ओरडायचास, "आरं, बैलाची येसन हाय का ती? सोड, पर मायेनं सोड." इटलीत त्या नदीवर तरंगता पूल टाकला होता आणि पलीकडून तोफा चालू होत्या, त्या दिवशी गाडी माझ्या हातात होती. पुलाच्या तोंडाशी माझा पाय क्लचवरून उचलेना. तू मला उठवून स्वतः चालवायला बसला असतास तर कुणी नाव ठेवलं नसतं. तू तसं केलं नाहीस. गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालास, "चल, फुडं बघ. मी हाय." पलीकडं पोचल्यावर सुभेदारानं माझी पाठ थोपटली. तू तेव्हा टायरची हवा बघत होतास.

त्या हिवाळ्यात आपण ज्या म्हातारीच्या घरी उतरलो होतो, ती तुला आठवत असेल. तिचा एक मुलगा युद्धात हरवलेला. ती मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवायची आणि चुलीवरून उचलून सरळ मोठ्या लाकडी फळीवर ओतायची. ताटं नाहीत, वाट्या नाहीत. घरच्यांनी आणि पाहुण्यांनी फळीभोवती बसायचं, आपापल्या कडेनं खात मध्यापर्यंत यायचं. पहिल्या दिवशी मी हात आखडून बसलो. तूही चमचा उचलला नाहीस. म्हातारी आपल्या भाषेत रागावायला लागली. मग मी सुरुवात केली, आणि माझ्यामागून तू. आठ दिवसांत आपण त्या पिठल्याच्या शेवटच्या घासावरून भांडायला लागलो. तिनं खुणेनं विचारलं, तुम्ही दोघे भाऊ का? मी काही बोलायच्या आत तू सांगितलंस, व्हय, चुलतभाऊ. बाहेर आल्यावर मी विचारलं, चुलत का? सख्खे का नाही? तू हसलास. "लई वर नगं चढायला. उतरायला तरास हुतो."

मला वाटलं होतं तू गंमत करतोयस.

लढाई संपली, आपण परत आलो. दौंडला गाडी बदलायची होती. फलाटावर पाण्याचे दोन पिंप होते, एकावर हिंदू पाणी, दुसऱ्यावर मुसलमान पाणी. लहानपणापासून बघितलेल्या त्या पाट्या. चार वर्षं आपण एका बाटलीतून पाणी प्यालो होतो, आपल्या गाडीला तेल घालणारा करीमही त्याच बाटलीतून प्यायचा. त्या पाट्या मला परक्या मुलखातल्या वाटल्या. पाणीवाल्यानं आपल्या वर्दीकडं बघितलं आणि दोघांच्या ओंजळीत पाणी ओतलं. तू मिशा पुसत म्हणालास, "कापडाला जात न्हाई बघ. काढूच नये हे अंगावरनं." मी मोठ्यानं हसलो. तू हसला नव्हतास, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

पाथर्डीहून ट्रंका एका बैलगाडीत टाकून आपण मागून चालत निघालो. गावाची शीव दिसायला लागली तसा तू मागं पडायला लागलास. पाय दुखतात का, मी विचारलं. "न्हाई. तू हो फुडं. तुझी मानसं येशीपाशी थांबली असतील." खरंच थांबली होती. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ओवाळायला. मी पुढं झालो. 'तूही चल' हे दोन शब्द होते. ते म्हणायला विसरलो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. मागं वळून बघितलं तेव्हा तू तुझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन ओढ्याकडं उतरत होतास.

पहिले पंधरा दिवस मी गावाला सळो की पळो करून सोडलं. वहिनीनं पाणी दिलं की मी म्हणायचो, आभारी आहे. ती पदर तोंडाला लावून हसायची. "आवो भावजी, पान्याचं बी उपकार?" दार न वाजवता लोक थेट चुलीपर्यंत येतात याचा मला राग यायचा. आलेला प्रत्येक माणूस विचारायचा, तिकडं खायला काय मिळायचं, गोऱ्या बायका खरंच नवऱ्याचा हात धरून चालतात का, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत आपल्या म्हशीचं सांगायला लागायचा. आमच्या घरी सगळ्यांचं होईपर्यंत आई जेवत नसे, त्यावरून मी एकदा ताटावरून उठलो. ती बिचारी दिवसभर उपाशी राहिली, कारण मी उपाशी होतो. रेशनच्या दुकानापुढं सगळे एकमेकांच्या अंगावर पडत, तिथं मी रांग लावायला निघालो. एक म्हातारा म्हणाला, "रांगंत हुबं ऱ्हायाला आमी काय पलटन हाय का रं?" लोक हसले. मी घरी येऊन वडलांना, आबांना म्हणालो, या देशाचं काही खरं नाही.

एवढं सगळं माझ्या डोळ्यांना दिसत होतं, आणि एवढ्यावर मी बोलत होतो.

मग तू आलास. इस्त्रीची खाकी वर्दी, पॉलिश केलेले बूट. नेपल्सच्या फोटोवाल्यानं काढलेला आपल्या दोघांचा फोटो तुझ्या ट्रंकेत राहिला होता, तो द्यायला. ओट्यावर आबा आणि गावातले तिघेचौघे बसले होते. तुझ्या वडलांनी आणि आज्यानं त्या ओट्यापुढं जन्मभर वाकून जोहार घातला होता. तू ताठ उभा राहिलास आणि म्हणालास, "रामराम, आबा."

आबा म्हणाले, "कोन, तुळशा व्हय? बस. तिकडं बस."

तू खाली अंगणात बसलास. आई बाहेर आली. तुला वाटेल मी आईची बाजू घेतोय, पण तिला खरंच आनंद झाला होता. "वाळलास रं लेकरा," ती म्हणाली, "माझ्या इसूला लई जपलंस म्हनं." आणि गुळाचा चहा केला. चहासाठी कप काढला तो गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातला. कान तुटलेला कप. आईनं तो खाली ठेवला, वरून चहा ओतला, एवढं प्रेमानं की तिच्या मनात दुसरं काही असेल असं कुणाला वाटू नये. तू माझ्याकडं बघितलंस. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती सुटलेली नव्हती.

तू चहा प्यालास, उठून कप धुतलास, कोनाड्यात पालथा ठेवलास.

तेवढ्यावर निभावलं असतं, असं मला वाटतं. तू कपाचं धरलं नसतंस. पण आबांनी फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांच्या मागून बाकीचे वाकून बघायला लागले. "ह्यो तुझ्या खांद्यावर हात टाकून हुबा हाय?" आबांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "तिकडं थंडी लई हुती, आबा. समदेच तसे चिकटून हुबे ऱ्हायचे."

सगळे हसले. आबांचा जीव भांड्यात पडला. फोटोत ऊन पडलं होतं, तुळशीराम. आपल्या दोघांच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या होत्या, तू डोळे बारीक करून सूर्याकडं बघत होतास. आबांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांना फक्त माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं आणि मी ते दिलं. तूही हसलास. त्या हसण्यापेक्षा तू माझ्या थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. मग तू आबांना, आईला रामराम केलास आणि मला म्हणालास, "येतो, पाटील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आमच्या मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिलास. मी मोट धरली होती, बैल तसेच सोडून आलो.

"कपाचं मी काय म्हनत न्हाई," तू म्हणालास. "त्यो माझ्या बापानं बी धुतला. पर काल तू हुतास तिथं."

"आबा म्हातारं हाईत. एकदम कसं बोलायचं? हळूहळू हुईल."

"हळूहळू." तो शब्द तू तोंडात घोळवलास. "पुलाच्या तोंडाला मी तुला हळूहळू म्हनलो हुतो का रं?"

मी काहीबाही बोललो. गाव, भाऊबंद, बहिणीचं लग्न ठरायचं होतं ते. सगळं खरं होतं. तू ऐकून घेतलंस. मग एवढंच म्हणालास, "तुझं खरं असंल. पर मला इथं ऱ्हाता यायचं न्हाई," आणि आठ दिवसांत नगरला गेलास. भांडण आपण पुरं केलंच नाही. माझ्याकडं उत्तर तयार व्हायचं होतं. मी ते तयार करत राहिलो.

नगर-पाथर्डी मोटारीवर तू ड्रायव्हर लागलास तेव्हा मला फार आनंद झाला, म्हणजे सुटल्यासारखं झालं. कोळशाच्या ग्यासवर चालणारी ती खटारा गाडी, मागं बंब लावलेला, चढ आला की निम्म्या लोकांनी उतरून ढकलायची. आबाही बसले त्या गाडीत. गावातले ओट्यावरचे सगळे बसले. तू म्हणायचास, "माझ्या हातचं पानी चालत न्हाई, पर जीव चालतो." देश स्वतंत्र झाला त्या दिवशी गाडीला झेंडा लावून तू नगरभर फिरवलीस. एका शेटजींनी सगळ्यांना पेढे वाटले. तुझ्या हातावर मात्र वरून टाकला. हे मला तू हसत हसत सांगितलंस, आपण नगरला स्टेशनाजवळच्या त्या मुसलमान चाचांच्या हॉटेलात बसलो होतो तेव्हा. तिथं आपल्याला एकसारखे कप मिळायचे. महिन्यातून एकदा तिथं भेटायचं, दोन चहा, एक पावरोटी, आणि इटलीतल्या म्हातारीच्या गोष्टी. मला ते पुरेसं वाटायचं. तुला वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा उठताना तू म्हणालास, "विसू, आपली दोस्ती ह्या टेबलाएवढीच हाय बघ." मी म्हणालो, असं काय बोलतोस. आणि आठ आणे ठेवून गाडी पकडायला पळालो.

तुला मुलगी झाली. बारसं गावात, तुझ्या आईकडं. तू मोटार थांबवून, खाली उतरून, चारचौघांत मला आमंत्रण दिलंस. "जेवायलाच ये. बस एवढंच." मी म्हणालो, येणार म्हणजे येणारच. आणि त्या दिवशी सकाळीच उठून सासुरवाडीला निघून गेलो. तिथं काही काम नव्हतं. मेव्हण्यानं विचारलं, असे अचानक? मी म्हणालो, सहज. दुपारभर मी त्यांच्या ओसरीवर पडून होतो. त्यानंतर आपण भेटलो तेव्हा तू बारशाचा विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. तू नुसतं विचारलंस, पाऊसपानी काय म्हनतंय.

काल मी ओढा ओलांडून तुझ्या घरी गेलो. दुपारी, उन्हात, चावडीवरून, सगळे बघत असताना. तू गेल्यावर. याचं श्रेय मला घ्यायचं नाही. एखादा मेला की त्याच्या दारी जायला गाव मनाई करत नाही. तुझ्या आईला आता नीट दिसत नाही. तुझी बायको चंद्रभागा मुलीला घेऊन आता तिथंच आली आहे, ती दारात आली. तिनं मला कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं.

"तुमीच का इसूभाऊ? या. ह्ये लई सांगायचे तुमचं."

मी काय ऐकावं लागणार म्हणून उभाच राहिलो. तिनं घोंगडी टाकली. "बारशाला तुमी येनार हुता. पर तुमच्या सासऱ्याला बरं न्हवतं न्हवं? ह्ये म्हनले, इसूला जावंच लागलं, त्याचा इलाज न्हवता. तुमचं ताट वाढून ठिवलं हुतं सांजंपातुर."

माझा सासरा त्या दिवशी शेतात नांगर धरून होता. मी तुला काही निरोप पाठवला नव्हता. तू स्वतःच माझ्यासाठी सबब शोधलीस आणि तुझ्या बायकोला, तुझ्या आईला सांगितलीस, माझं नाव तुझ्या घरात खराब होऊ नये म्हणून. मला तिथं रडू आलं. ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही.

तुझी मुलगी मांडीवरून माझ्याकडं बघत होती. तुझेच डोळे, बारीक करून बघणारे. चंद्रभागा म्हणाली, "तिकडचं सांगा वो कायतरी. ह्यांनी कवातरी तुटकं तुटकं सांगितलंय. ती मोठी झाली की मला तिला सांगाय पायजे."

मग मी सांगायला बसलो. बोटीवर तू कपाळ कसं धरलंस, मला मोटार कशी शिकवलीस, तुझ्या शिव्या, तो पूल. म्हातारीच्या फळीवरच्या पिठल्याची गोष्ट ऐकून तुझी आई बोळक्या तोंडानं हसली. "माझा ल्योक असाच, खान्याला वाघ," म्हणाली. तू त्या म्हातारीला चुलतभाऊ सांगितलंस तेही सांगितलं. शेजारच्या दोनतीन बायका येऊन बसल्या. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नसेन. तू जिवंत असल्यासारखा त्या घरात वावरायला लागलास. मग लढाई संपली, बोट मुंबईला लागली.

"मग?" चंद्रभागा म्हणाली.

"मग आमी गावी आलो."

"आन् मग? म्होरं काय झालं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणालो, आता उशीर झाला, परत येईन तेव्हा सांगतो. आणि उठलो.

तुळशीराम, आपलं बांधावरचं भांडण तू जिंकलं होतंस, हे तुला तोंडावर सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती. आता सांगण्यासारखी एकच जागा उरली आहे. परवा बाजारचा दिवस, कामाला सुटी, चंद्रभागा घरीच असेल. मी जाणार आहे आणि 'मग काय झालं' तिथून सुरुवात करणार आहे. ओट्यावर मी काय बोललो ते, नाडीचं, सासऱ्याचं, काही गाळणार नाही. तू माझ्यासाठी तिच्याशी खोटं बोललास, तेही तिला कळेल, त्याबद्दल मला माफ कर. सगळं ऐकून झाल्यावर मला परत घरात घ्यायचं की नाही, ते तिनं ठरवावं.